चोक-इनपुट पॉवर सप्लायमधले डायोड वाचवायचे कसे : नवख्यांसाठी मार्गदर्शन

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर किंवा हॅम रेडिओचा लिनियर (ट्रान्समीटरची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) बांधायला घेतला की कोणीतरी जाणता माणूस सांगतो, "चोक इनपुट कर, व्होल्टेज हलत नाही, ट्रान्सफॉर्मर थंड राहतो." सल्ला बरोबर आहे. (चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं; चोक-इनपुट म्हणजे रेक्टिफायरनंतर आधी चोक, मग कपॅसिटर.) पण रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड लावले तर काय काळजी घ्यायची, हे तो सांगायचं विसरतो. मग पहिल्या आठवड्यात डायोड शॉर्ट होतो, माणूस पुण्याच्या तपकीर गल्लीतून तेवढ्याच व्होल्टचा पण जास्त अँपिअरचा डायोड आणतो, आणि तोही जातो.

कारण सोपं आहे: चोक-इनपुटमध्ये डायोड करंटने मरत नाही, व्होल्टेजने मरतो. चोकमुळे चालू करतानाचा करंटचा लोंढा आपोआप आवरला जातो, त्यामुळे एक अँपिअरच्या जागी तीन अँपिअरचा डायोड लावून काहीही साधत नाही. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

सुरुवातीलाच एक ताकीद. इथे तीनशे ते पाचशे व्होल्ट डीसी आहे आणि तो जीव घेऊ शकतो. एक हात खिशात ठेवून मोजायची सवय नसेल, कपॅसिटर डिस्चार्ज करायची सवय नसेल, तर आधी कोणा अनुभवी माणसाच्या शेजारी बसून दोन सप्लाय बांधताना बघा.

आधी समजून घ्या : स्पाइक जातो कुठे?

कपॅसिटर-इनपुट सप्लायमध्ये डायोडच्या लगेच पुढे कपॅसिटर असतो. मेन्समधून किंवा ट्रान्सफॉर्मरमधून स्पाइक आला की ज्या बाजूचा डायोड चालू असतो तो स्पाइकला कपॅसिटरमध्ये वाट करून देतो, आणि कपॅसिटर तो गिळतो. चोक-इनपुटमध्ये डायोड आणि कपॅसिटर यांच्या मध्ये चोक उभा असतो. चोकला करंटमधला अचानक बदल मान्य नसतो. स्पाइकला वाट मिळत नाही आणि तो सगळा बंद असलेल्या डायोडवर उलट्या दिशेने चढतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असा झटका पुष्कळदा एखादी ठिणगी पाडून सोसतो. शिवाय ५यू४जी सारख्या व्हॉल्व्हची उलट व्होल्टेजची मर्यादाच १५५० व्होल्ट आहे. १एन४००७ ची १००० आहे, आणि सिलिकॉन एकदा फुटलं की फुटलं.

जवळ काय काय हवं

संपूर्ण लेखात मी एकच उदाहरण धरलंय, कारण आकडे डोळ्यांसमोर असले की हिशेब पटतो: ३५०-०-३५० व्होल्ट, १५० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर, १० हेन्री १५० मिलिअँपचा चोक, आणि ९० मिलिअँप खाणारे व्हॉल्व्ह.

- १एन४००७ डायोड, एका पट्टीतले दहा-बारा (दुकानात "आयएन ४००७" म्हणूनच मिळतील)
- ०.०१ मायक्रोफॅरड १ किलोव्होल्टचे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर, सहा
- १५ किलोओहम २५ वॅट वायरवाउंड रेझिस्टन्स, दोन
- १०० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक, दोन, आणि २२० किलोओहम २ वॅटचे रेझिस्टन्स, दोन
- १४डी४७१ एमओव्ही (ठरावीक व्होल्टेजच्या वरचा झटका गिळणारा घटक), एक-दोन जास्तीचे घ्या
- ०.०१ मायक्रोफॅरड १६०० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर दोन, ०.०४७ चा एक
- ४.७ किलोओहम २ वॅट दोन, १० किलोओहम ३ वॅट एक
- सिरॅमिक फ्यूज आणि त्यांचे होल्डर
- टॅगबोर्ड किंवा जाड ग्लास-इपॉक्सी
- १००० व्होल्टपर्यंत मोजणारा चांगला मल्टिमीटर, डिमरस्टॅट (व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर), सिरीज बोर्ड (मेन्सच्या वाटेत बल्ब लावलेला बोर्ड), आणि मिळाला तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन मोजायचं मीटर)

कागदांमध्ये दोन हवेत: ट्रान्सफॉर्मर-चोक बांधणाऱ्याने लिहून दिलेली माहिती (हेन्री, मिलिअँप, वाइंडिंगचा रेझिस्टन्स) आणि डायोडची डेटाशीट. वाइंडर तोंडी सांगतो, त्यावर जाऊ नका. चिठ्ठीवर लिहून घ्या.

किरकोळ सामान सगळं तपकीर गल्लीत, पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला मिळून जातं. १६०० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन नाही मिळाले तर भंगारातल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत लाइन आउटपुटजवळ हटकून सापडतात. तिथून काढलेले चांगले असतात.

१. आधी उलट व्होल्टेजचा हिशेब करा

सेंटर-टॅप जोडणीत एक डायोड चालू असताना दुसऱ्यावर अख्ख्या सेकंडरीचं शिखर व्होल्टेज उलटं येतं. म्हणजे ७०० × १.४१४ = ९९० व्होल्ट. अनेक जण इथेच थांबतात: ९९० आलं, डायोड १००० चा, बसतंय की!

बसत नाही. ९९० हा आकडा मेन्स २३० असतानाचा. रात्री अकरानंतर लोड उतरला की आपल्या भागात २५० व्होल्ट सहज दिसतात. स्वतः मीटर लावून बघा. २५० ला तेच उलट व्होल्टेज १०७६ होतं. म्हणजे कुठलाही स्पाइक न येता डायोड मर्यादेच्या पलीकडे उभा आहे. चांगल्या कंपनीचा डायोड छापलेल्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त सोसतो, म्हणून असा सप्लाय महिना-दोन महिने चालतोही, आणि त्यामुळेच गैरसमज टिकून राहतो.

चोक-इनपुटसाठी मी सर्वांत वाईट परिस्थितीच्या अडीच पटीच्या खाली जात नाही. १०७६ च्या अडीच पट २६९०. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन १एन४००७ सिरीजमध्ये, एकूण ३००० व्होल्ट. सहा डायोडचा खर्च चहा-क्रीमरोलपेक्षा कमी आहे. इथे कंजूषपणा करू नका.

२. साखळी बांधताना

तिन्ही डायोड एकाच पट्टीतले, एकाच बॅचचे घ्या. सुटे, वेगवेगळ्या डब्यांतले घेऊ नका. मेगर असेल तर प्रत्येक डायोड उलटा धरून ५०० व्होल्टला बघा. शेकडो मेगओहम दाखवायला हवेत. एखादा वेगळा दिसला की बाजूला काढा. नकली माल ओळखायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ चा सिरॅमिक लावा. तिन्ही डायोड एकाच क्षणी बंद होत नाहीत. जो सर्वांत आधी बंद होतो त्याच्यावर क्षणभर सगळ्यांचं ओझं येतं, आणि कपॅसिटर ते वाटून देतो. लावायचे तर सगळ्यांना लावा आणि सारखेच लावा. दोनांना लावून तिसरा मोकळा ठेवणं हे न लावण्यापेक्षा वाईट.

जुन्या सर्किटांत प्रत्येक डायोडला समांतर ४७० किलोओहमचा रेझिस्टन्सही दिसेल. तो काळ बीवाय१२७ चा आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या डायोडांचा होता. आजच्या एका बॅचच्या डायोडांना त्याची गरज नाही, असं माझं मत. लावलाच तर एक सापळा सांभाळा: अर्ध्या वॅटचा साधा रेझिस्टन्स साडेतीनशे व्होल्टच्या आसपासच सोसतो. वॅट कमी लागले म्हणून व्होल्टेजची मर्यादा वाढत नाही. तो उघडतो किंवा त्याची किंमत सरकते, आणि मग संरक्षणासाठी लावलेली गोष्टच साखळीचा तोल बिघडवते.

टॅगबोर्डवर डायोडांमध्ये अंतर ठेवा, सोल्डरची टोकं गोल आणि गुळगुळीत करा, फ्लक्स स्पिरिटने पुसा. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फ्लक्सवर ओल धरते आणि गळती सुरू होते. साधा झीरो पीसीबी इथे वापरू नका. त्याच्या दोन भोकांमधलं अंतर अडीच मिलिमीटर आहे.

३. ब्लीडर : डायोडचा खरा राखणदार

ब्लीडर म्हणजे कपॅसिटरला समांतर लावलेला, सदैव थोडा करंट खाणारा रेझिस्टन्स. ही पायरी सावकाश वाचा. निम्मे सप्लाय इथेच बिघडतात.

चोक-इनपुट सप्लाय ०.९ पट व्होल्टेज देतो, म्हणजे ३५० ला ३१५. पण केव्हा? चोकमधून करंट अखंड वाहत असेल तेव्हाच. करंट एका मर्यादेखाली गेला की चोक प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये रिकामा होतो आणि सप्लाय हळूहळू कपॅसिटर-इनपुटसारखा वागू लागतो. लोड अजिबात नसेल तर व्होल्टेज थेट १.४१४ पटीवर, ४९५ व्होल्टवर जातं.

ही मर्यादा काढायचं सूत्र ५० हर्ट्झसाठी असं: लोडचा रेझिस्टन्स (ओहममध्ये) भागिले ९४२ बरोबर किमान हेन्री. उलट करून, आपला चोक १० हेन्रीचा असेल तर लोड ९४२० ओहमपेक्षा कमी असायला हवा. ३१५ भागिले ९४२० म्हणजे साधारण ३३ मिलिअँप. एवढा करंट सदैव वाहायलाच हवा. परदेशी पुस्तकांत ९४२ ऐवजी ११३० दिसेल. तो ६० हर्ट्झचा आकडा आहे. तसाच उचललात तर तुमचा चोक कमी पडेल.

आता बघा, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये हे किती महत्त्वाचं आहे. सिलिकॉन डायोड स्विच दाबल्याक्षणी व्होल्टेज देतो. व्हॉल्व्हचे हीटर तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ लोड शून्य! रोज, प्रत्येक वेळी. ब्लीडर नसेल तर रोज सुरुवातीला ४९५ व्होल्ट येतात, आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर रोज थोडा थोडा मरतो.

डायोडशी याचा संबंध दुहेरी. एक, चोकमधला करंट तुटला की चोक आणि त्याची अंगभूत कपॅसिटन्स मिळून घणघणतात, आणि चोकच्या तोंडाशी व्होल्टेजच्या लाटा उठतात. दोन, आणि हे फारसं कोणी सांगत नाही, मेन्स बंद केल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात उरलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते. चोकमधून पुरेसा करंट वाहत असेल तर दोन्ही बाजूंचे डायोड चालूच राहतात आणि सेकंडरी त्यांच्यातच बांधलेली राहते. स्पाइक उठतच नाही. करंट कमी असेल तर उरलेली ऊर्जा स्पाइक होऊन डायोडवर येते. म्हणून भरल्या लोडवर बंद केलेला सप्लाय टिकतो, आणि ब्लीडर नसताना व्हॉल्व्ह काढून "नुसता तपासू" म्हणून चालू-बंद केलेला सप्लाय डायोड खातो.

ब्लीडर किती? १५ किलोओहमचे दोन समांतर, म्हणजे ७.५ किलोओहम. करंट ४२ मिलिअँप, ३३ पेक्षा आरामात वर. चोक दहा टक्के कमी भरला तरी चालेल. एकूण उष्णता १३ वॅट, प्रत्येकी साडेसहा. २५ वॅटचा रेझिस्टन्स एवढ्यात तापतो पण जळत नाही. दोन का, तर एक उघडला तरी दुसरा उरतो आणि व्होल्टेज पूर्ण ४९५ ला जात नाही. हे ४२ मिलिअँप ट्रान्सफॉर्मर आणि चोकच्या हिशेबात धरा: ९० अधिक ४२ म्हणजे १३२, आपल्या १५० मध्ये बसतात.

ब्लीडर थेट कपॅसिटरच्या टोकांना सोल्डर करा. मध्ये कनेक्टर नको, स्विच तर मुळीच नको. आणि इलेक्ट्रोलिटिकला चिकटून बसवू नका, ते उन्हाळ्यात भाजून निघतात.

४. चोक : कुठलाही चालत नाही

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुन्या रेडिओचे चोक मिळतात. दिसायला सुरेख, पण त्यांतले बहुतेक कपॅसिटरच्या नंतर लावायचे, नुसता रिपल (डीसीवर उरलेला एसी) गाळणारे असतात. त्यांच्यावर काही व्होल्टचाच एसी येतो. चोक-इनपुटमध्ये आपल्या उदाहरणात चोकवर जवळपास १५० व्होल्ट एसी १०० हर्ट्झने नाचत असतो. रेडिओचा चोक तिथे लावलात तर तो गुणगुणतो, तापतो आणि सॅच्युरेट होतो, म्हणजे हेन्री गायब. हेन्री गेले की पायरी ३ चा सगळा हिशेब गेला.

"ट्यूबलाइटचा चोक लाव" हा सल्लाही अजून ऐकू येतो. तांब्याचा चाळीस वॅटचा चोक एक-दीड हेन्रीचा असतो. आपल्या सप्लायमध्ये त्याला किमान सव्वादोनशे मिलिअँप तरी हवेत, तेही नुसतं व्होल्टेज धरायला. सोडून द्या.

भोसरी-पिंपरीकडे वाइंडिंग करणारे आहेत, पेठांतही आहेत. सांगताना फक्त "दहा हेन्री" म्हणू नका. "१५० मिलिअँप डीसी वाहत असताना १० हेन्री, चोक-इनपुटसाठी, गॅपसहित, वाइंडिंग आणि गाभ्यातलं इन्शुलेशन अडीच हजार व्होल्ट" असं लिहून द्या. गॅपचा, म्हणजे गाभ्यातल्या फटीचा, उल्लेख केला नाही तर कधी कधी लॅमिनेशन ट्रान्सफॉर्मरसारखं आलटून-पालटून भरलेलं मिळतं.

५. एमओव्ही स्विचच्या योग्य बाजूला

वर म्हटलेली गाभ्यातली ऊर्जा किती असते? प्रायमरीचा विनालोड करंट १०० मिलिअँप धरला तर फार तर ०.०७ ज्यूल. एमओव्हीच्या दृष्टीने ही रक्कम चिल्लर आहे, डायोडच्या दृष्टीने मरण.

एमओव्ही प्रायमरीच्या दोन टोकांना लावायचा, आणि तो स्विचच्या नंतर, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला. बहुतेक जण तो मेन्सच्या सॉकेटपाशी, स्विचच्या आधी लावतात. तिथे तो वळवाच्या पावसातल्या विजेचे झटके अडवेल, पण स्विच उघडल्यावर तो ट्रान्सफॉर्मरपासून तुटलेला असतो. ज्या क्षणासाठी लावला त्याच क्षणी गैरहजर. क्रम असा ठेवा: फ्यूज, मग स्विच, मग एमओव्ही, मग प्रायमरी. दोन्हीकडे एकेक लावलात तर उत्तमच.

नंबर १४डी४७१, म्हणजे ३०० व्होल्ट एसीचा. २७५ व्होल्टचा ४३१ सगळीकडे मिळतो, पण आपल्याकडची रात्रीची मेन्स बघता मला तो काठावरचा वाटतो. सतत जास्त व्होल्टेज मिळालं की एमओव्ही थकतो. ४७१ स्पाइकला सहाशे व्होल्टच्या आसपास धरतो असं समजा. सेकंडरी तिप्पट, म्हणजे डायोडवर साधारण १८०० व्होल्ट. आपली साखळी ३००० ची. पायरी १ मध्ये अडीच पट का घेतली, ते इथे कळतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की स्विच बंद करून ठेवा. येताना ती दोन-तीनदा लपंडाव खेळते, आणि त्या वेळी व्हॉल्व्ह थंड असतात.

६. स्नबर : दोन जागी

स्नबर म्हणजे घणघण विरवणारी कपॅसिटर-रेझिस्टन्सची जोडी. पहिली जागा, सेकंडरीच्या प्रत्येक टोकापासून सेंटर-टॅपपर्यंत: ०.०१ मायक्रोफॅरड १६०० व्होल्ट आणि ४.७ किलोओहम सिरीजमध्ये. डायोड बंद होताना ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समध्ये जी घणघण होते, ती हा रेझिस्टन्स खातो. स्पीकरमध्ये येणारा तो बारीक, किरकिरा "झर्र" आवाजही यानेच कमी होतो.

दुसरी जागा, चोकच्या तोंडापासून निगेटिव्हपर्यंत: ०.०४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम सिरीजमध्ये. इथे रेझिस्टन्स विसरून नुसता मोठा कपॅसिटर लावू नका. मायक्रोफॅरडभराचा कपॅसिटर चोकच्या आधी आला की व्होल्टेज वर सरकू लागतं आणि चोक-इनपुटचा फायदाच जातो.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. ऑसिलोस्कोप असेल तर डिमरस्टॅटवर तीस-चाळीस व्होल्ट देऊन १००:१ च्या प्रोबने बघा आणि ४.७ च्या जागी २.२ पासून १० किलोओहमपर्यंत बदलून घणघण कशात लवकर विरते ते ठरवा. साधा १०:१ चा प्रोब पूर्ण व्होल्टेजला लावू नका.

७. फ्यूज, स्टँडबाय स्विच आणि फ्रीव्हील डायोड

नियम एकच: वाहता चोक कधीही तोडायचा नाही. चोकच्या आधी किंवा चोक आणि कपॅसिटर यांच्या मध्ये स्विच किंवा फ्यूज आला, आणि तो उघडला, तर चोक आपली सगळी ऊर्जा त्या फटीत ओततो. स्विचमध्ये ठिणगी, नाहीतर चोकचं इन्शुलेशन फुटतं. स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून डीसी तोडणारा) हवाच असेल तर कपॅसिटर आणि ब्लीडर यांच्या नंतर.

हायटेन्शनचे फ्यूज सेकंडरीच्या प्रत्येक टोकाला, डायोडच्या आधी, २५० मिलिअँप स्लो. एका बाजूची साखळी शॉर्ट झाली तर दुसऱ्या बाजूमार्गे सेकंडरीच शॉर्ट होते, आणि प्रायमरीचा फ्यूज उडेपर्यंत ट्रान्सफॉर्मरचा वास यायला लागलेला असतो. काचेचा साधा फ्यूज २५० व्होल्टचा असतो. इथे वाळू भरलेला सिरॅमिक, ५०० व्होल्ट किंवा जास्तीचा हवा.

सोबत एक फ्रीव्हील डायोड लावा: निगेटिव्हपासून चोकच्या तोंडापर्यंत, कॅथोड चोककडे, दोन १एन४००७ सिरीजमध्ये. फ्यूज उडाला तरी चोकच्या करंटला वळसा घालायला वाट राहते. उलटा लावलात तर तो सरळ शॉर्ट आहे, म्हणून सोल्डर करण्याआधी पट्टी कुठल्या बाजूला आहे ते दोनदा बघा.

८. कपॅसिटर

चालू होताना चोक आणि कपॅसिटर मिळून एकदा वर उसळतात; आपल्या आकड्यांनी शिखर ४७० च्या आसपास जाऊ शकतं. त्यामुळे एकटा ४५० चा नको. १०० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकाला २२० किलोओहम समांतर. ५० मायक्रोफॅरडला रिपल एक व्होल्टच्या आतबाहेर राहतो, आणि तो अँप्लिफायरला पुरेसा आहे.

९. पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्व्ह काढून ठेवा. ब्लीडर जोडलेला आहे हे मीटरने बघा: कपॅसिटरच्या टोकांवर ७.५ किलोओहमच्या जवळपास वाचन यायला हवं. कपॅसिटर चार्ज होईपर्यंत काटा सरकत राहील, थांबा.

सिरीज बोर्डमध्ये साठ वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे, आणि फिलामेंटचे बल्ब आता शोधावे लागतात. मिळाले की चार घेऊन ठेवा. डिमरस्टॅट शून्यापासून वर न्या. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा एखादा डायोड उलटा. डिमरस्टॅट मेन्सपासून वेगळं करत नाही, हे लक्षात ठेवा. शंभर व्होल्टवर असला तरी त्याचं एक टोक मेन्सच आहे.

बल्ब मंद राहिला की तो काढून टाका, पुन्हा शून्यापासून वर जा. पूर्ण २३० ला डीसी ३०० ते ३१० यायला हवं. हे एक वाचन खूप काही सांगतं:

- ३०५ च्या जवळपास: सगळं ठीक.
- ३३० ते ४५०: चोकचे हेन्री कमी आहेत किंवा एक ब्लीडर उघडा आहे.
- ४९०: दोन्ही ब्लीडर तुटलेले, किंवा कपॅसिटर चुकून चोकच्या आधी जोडलाय.
- तीनशेच्या बरंच खाली: एका बाजूचा फ्यूज किंवा साखळी उघडी आहे.

बंद करताना डिमरस्टॅट शून्यावर आणून बंद करा. दोन-तीन सेकंदांत व्होल्टेज उतरायला हवं. तरी ब्लीडरवर विश्वास ठेवून हात घालू नका. एक किलोओहम दहा वॅटचा रेझिस्टन्स इन्शुलेटेड दांड्याला बांधून कपॅसिटर शॉर्ट करा, मग मीटरने खात्री करा, मगच हात.

व्हॉल्व्ह लावल्यावर, गरम झाल्यावर, पूर्ण लोडला २८५ ते २९५ दिसेल. तासभर चालू ठेवून चोक आणि ब्लीडर किती तापतात ते बंद करून, डिस्चार्ज करून बघा. चोकवर हात ठेवता आला पाहिजे. ब्लीडरवर नाही ठेवता येणार, ते ठीक आहे.

ब्रिज जोडणी आणि हॅमवाल्यांसाठी

ब्रिजमध्ये प्रत्येक हातावर (चार बाजूंपैकी एकेकीवर) उलट व्होल्टेज सेकंडरीच्या १.४१४ पट येतं. १५०० व्होल्टची सेकंडरी असेल तर २१२१, मेन्स वाढल्यावर २३०६, अडीच पटीने ५७६५; म्हणजे एका हाताला १एन५४०८ चे सहा. सातवा टाकला तर मी तक्रार करणार नाही. फ्रीव्हिलिंगचं काम ब्रिज स्वतःच करतो, वेगळा डायोड लागत नाही. ब्लीडरचा हिशेब मात्र तोच: ९४२ ने भागायचं. एवढ्या व्होल्टेजला ब्लीडर चाळीस-पन्नास वॅट सहज खातो, म्हणून मोठ्या सप्लायमध्ये कमी करंटला जास्त हेन्री देणारा स्विंगिंग चोक वापरतात. मल्टिमीटर इथे थेट लावायचा नाही. हाय व्होल्टेज प्रोब नसेल तर तो येईपर्यंत सप्लाय चालू करू नका.